माझं वजन आणि मायचा नवस

माझ्या अंगावर साडी फार छान दिसते. हे मी सांगत नाही, वर्ध्याच्या बाजारात माझ्या दुकानाची पायरी चढलेल्या कितीतरी बायका सांगतील. घडीतली साडी पाहून कुणी घेत नाही. ती अंगावर कशी पडते ते पाहावं लागतं, आणि गिऱ्हाईक बाई काही दुकानात साडी नेसून पाहत नाही. मग गादीवरचा माणूस उठतो, पँट-शर्टावरच साडी गुंडाळतो, पटापट निऱ्या घालतो, पदर खांद्यावर टाकतो आणि आरशासमोर उभा राहतो. सगळेच साडीवाले हे करतात. पण ते नुसती साडी दाखवतात. मी नवरीची आत्या दाखवायचो. शालू असला की मान ताठ करून वरमाय व्हायचो, सुती असली की शाळेतली बाई. "या बाईंना उन्हात जायचं आहे, यांना जड काही दाखवू नका," असं स्वतःबद्दलच बोलायचो, आणि बस्ता घ्यायला आलेलं अख्खं वऱ्हाड हसून लोळायचं.

अशा माणसाच्या निऱ्या कमी पडायला लागल्या, त्याची ही हकीकत आहे. हसत सांगतोय म्हणून फसू नका. हसत बोलायची मला सवय आहे, आणि त्या सवयीमुळेच माझा आजार बरेच महिने कुणाला दिसला नाही. मलाही नाही.

आरशातला माणूस

एका दुपारी आई आणि मुलगी लग्नाचा शालू पाहत होत्या. मी नेहमीसारखा शालू अंगाला गुंडाळला, पदर टाकला, आरशासमोर उभा राहिलो आणि तोंडातून शब्द निघेना. आरशात एक अर्धवट टकलाचा माणूस लाल शालू नेसून उभा होता. तो तसा का उभा आहे, हे मला कळेना. त्या दोघी थांबल्या. भाऊ आता काहीतरी बोलणार म्हणून हसू तयार ठेवून थांबल्या. मी शालू काढला, घडी घातली, "पोट बिघडलंय" म्हणालो आणि मागे गोदामात जाऊन गठ्ठ्यांमध्ये बसलो.

मग ते रोजचं झालं. झोप उडाली. जेवण म्हणजे कागद चावल्यासारखं. आंघोळ करायची म्हटलं तर बादलीकडे पाहूनच थकवा यायचा. दुकानात चार माणसांत असलो की तोंड आपोआप चालायचं, जुने विनोद जुन्या क्रमाने बाहेर पडायचे. सिंदी मेघेला घरी आलो की मी मुका.

माझी बायको मंदा शाळेत शिकवते. न बोलणारी मुलं तिला ओळखू येतात. एका रविवारी ती वाळलेले कपडे घडी करत होती आणि मी सहज, अगदी हवापाण्यावर बोलावं तसा म्हणालो, "मी नसलो ना, तर तुमचं फारसं काही अडणार नाही." तिच्या हातात माझाच बनियन होता. तो तिने मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने शाळेत सुट्टी टाकली आणि मला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं.

तोंडाला दुपट्टा

आमच्याकडे उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधतात. मी तो हिवाळ्यात बांधून मनोविकाराच्या विभागाबाहेर बसलो. अर्ध्या वर्ध्याला मी साड्या विकल्या आहेत, कुणी ओळखलं तर काय! शेजारच्या बाकावर एक बाई तशीच तोंड बांधून बसलेली. मी तिच्या साडीकडे पाहिलं. माझ्याच दुकानातली. तिनेही माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही इथं?"

"पेशंटला भेटायला आलो. आणि तुम्ही?"

"मी बी पेशंटलेच भेटाले आली."

एवढं बोलून आम्ही दोघं आपापला नंबर पुकारला जाण्याची वाट पाहत बसलो.

डॉक्टर वयाने लहान होती. माझ्या पुण्याला शिकणाऱ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. मी तिच्यासमोर माझा खेळ मांडला. झोप कशी येत नाही ते घुबडाचा आवाज काढून सांगितलं, भूक कशी लागत नाही ते रुसलेल्या जावयाच्या थाटात. ती मनापासून हसली. मग म्हणाली, "छान सांगता तुम्ही. आता दुकानाचं शटर पडल्यावर काय होतं, ते सांगा."

मी तोंड उघडलं आणि रडलो. आवाज न करता नाही, चांगला हुंदके देऊन. मंदाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मरावंसं वाटतं का, हे डॉक्टरांनी सरळ विचारलं. इतक्या सरळ मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. मंदाने तो "हो" पहिल्यांदा ऐकला. आम्ही त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा आजाराला नाव मिळालं होतं, नैराश्य, आणि मला वॉर्डात एक पलंग.

"पण डॉक्टर, मी विनोदी माणूस आहे हो," मी जाता जाता म्हणालो.

"विनोदी माणसांना मलेरिया होत नाही का?" ती म्हणाली.

जीभ वर करा

वॉर्डातला दिवस गोळ्यांच्या ट्रेवर चालायचा. सिस्टर यायची, गोळी हातावर ठेवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "आता तोंड उघडा. जीभ वर करा." कुणी गोळी गालात लपवून ठेवू नये म्हणून. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने सकाळ-संध्याकाळ दुसऱ्याला जिभेखालची जागा दाखवायची, यात काय ते कमीपण वाटतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल. मी जबडा मगरीसारखा वासायचो. सिस्टर हसायची नाही. रोज जिभेखाली नीट पाहायची.

मंदा माझ्या पलंगाशेजारी खाली सतरंजीवर झोपायची. माझ्या आधी उठायची, डबा खायला घालायची आणि माझ्याकडे असं पाहायची जसं आपण दुधाकडे पाहतो, आता उतू जाईल की मग. आम्हा दोघांमध्ये तेव्हा प्रेमापेक्षा पहारा जास्त होता. हे मी तिच्यासमोर वाचून दाखवलं, तिने "राहू दे, खरं आहे" म्हटलं, म्हणून लिहितोय.

एक छोटी गोष्ट त्या दिवसांतली सांगतो. एकदा जीभ दाखवून झाल्यावर सिस्टरने ट्रे बाजूला ठेवला आणि विचारलं, "साडीवाले भाऊ, माझ्या भावाचं लग्न आहे. मले कोणता रंग चांगला दिसन?" मी तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी मी कुणाकडे तरी नीट पाहिलं असेन. "मोरपंखी," मी म्हणालो, "आणि काठ बारीक घ्या." ती "बरं" म्हणून पुढच्या पलंगाकडे गेली. मंदा सतरंजीवर उठून बसली होती.

माझी माय अल्लीपूरला राहते, शेताजवळच्या घरात. ती एसटीने आली, पलंगाशी बसली, माझे पाय दाबले, एकही प्रश्न विचारला नाही. जाताना मंदाला मात्र दाराशी नेऊन म्हणाली, "कावीळ झाली म्हणून सांगजो सगळ्याईले. डोक्याचं नाव नको काढू. पोरीचं लग्न व्हायचं आहे."

अशी माझ्या नैराश्याची कावीळ झाली. नातेवाइकांनी उसाचा रस पाठवला.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मायने तिच्याकडची बातमी सांगितली. "मी मारुतीले बोलली आहे. माह्या पोराले बरं कर, गुळानं तोलीन त्याले." आमच्या गावात असा नवस बोलतात, त्याला तुला म्हणतात. माणूस बरा झाला की त्याला देवासमोर तराजूच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या भेली रचायच्या, आणि पारडी समान झाली की तो गूळ गावाला वाटायचा. त्या दिवशी माझी हाडं मोजता आली असती. मी म्हणालो, "स्वस्तात सुटशील, माय."

भूक

गोळ्यांनी आधी झोप परत आणली. मग हळूहळू रंग. एका सकाळी चहाला चहाची चव आली. मी दुकानात जाऊ लागलो, सुरुवातीला अर्धा दिवस.

आणि मग भूक आली. भूक म्हणजे आपल्याला लागते ती नव्हे. ही बाहेरून पाहुण्यासारखी आलेली भूक. जेवण होऊन हात धुतला की हा पाहुणा विचारायचा, आता काय आहे? सकाळी तर्री-पोहे, मग कोपऱ्यावरची कोथिंबीर भरलेली सांबारवडी, दुपारी डबा, डबा झाला की शेजारच्या दुकानदाराचा डबा. घरी गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणला तर तो दारातून आत येईपर्यंत अर्धा. पोट भरल्याची खूण कुठेतरी हरवली होती. पोट दुखायचं, पण "पुरे" म्हणायचं नाही.

डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं की या गोळीने काहींची भूक वाढते, वजन वाढतं, तसं झालं तर सांगा. पण तेव्हा मी ज्या अवस्थेत होतो त्यात मला कुणी शिंगं फुटतील म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती.

पँटी आत ठेवल्या, नव्या आणल्या, त्याही आत ठेवल्या. दुकानात आम्ही गादीवर मांडी घालून बसतो. माझी मांडी बसेना. मी एक पाय लांब सोडून बसू लागलो, तर गिऱ्हाइकं विचारत, "पायाले लागलं काय, भाऊ?" बुटाची नाडी बांधताना दम लागायचा. मंदाच्या बाजूला पलंगावर आडवा झालो की ती नकळत माझ्या बाजूला घसरायची. आम्ही हसायचो. मग ती तिकडे तोंड करून झोपायची आणि मी छताकडे.

आणि साडी. आजारानंतर पहिल्यांदा मी साडी गुंडाळली तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांचा घोळका समोर होता, मी पुन्हा उभा राहिलो म्हणून खूश होता. साडीची लांबी सगळीकडे तीच असते. तिचा जास्त भाग माझ्या कमरेभोवती गेला, उरलेल्यात निऱ्या झाल्या जेमतेम चार. पदर खांद्यावरून मागे पोचेना. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमच्यावर नऊवारीच दाखवत जा आता." सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने. मग साडी सोडली, आणि त्यानंतर दुकानातल्या पोरांना म्हणालो, साडी लाकडी पुतळ्यावर दाखवत जा.

तब्येत बनली!

आता यातली गंमत ऐका. गंमत म्हणतोय, पण तिनेच माझा घात केला.

आमच्याकडे जाड होणं हा आजार नाही, पुरावा आहे. माणूस आजारातून उठला की तो बारीक असतो. भरला की समजावं, बरा झाला. मी रस्त्याने निघालो की दुकानादुकानांतून आवाज यायचे. "काय तब्येत बनली, बाप्पा!" "वहिनीच्या हाताले गुण आहे!" मंदाच्या शाळेतल्या बाया तिचं अभिनंदन करायच्या. ती हसून "हो" म्हणायची आणि घरी येऊन माझ्या ताटातली एक पोळी कमी करायची. मी ती मागून घ्यायचो. त्या एका पोळीवरून आमच्या घरात जी भांडणं झाली, ती जमिनीवरून भावाभावांत होत नाहीत.

आणि मला बोलता येईना. कुणाला सांगू? ज्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याने पोटाबद्दल कुरकुर करायची? मला ते कृतघ्नपणाचं वाटायचं. दवाखान्यात दर वेळी डॉक्टर विचारायच्या, "आणखी काही त्रास?" मी शर्ट पोटावरून खाली ओढून म्हणायचो, "मस्त चाललंय!"

होळी झाली आणि माय आली. दारात उभी राहून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"पाय तं, कसा भरला माहा पोरगा! झाला बरा. हनुमान जयंतीले तुला करून टाकू."

"आई, गोळ्या अजून चालू आहेत," मंदा म्हणाली.

"आता कायच्या गोळ्या? बिमार माणूस असा असते काय? अन् गोळ्या चालू ठेवून तुला कशी करता, बाई? देवाले काय सांगाव, तू बरं केलं, पण आमचा भरोसा नाई?"

"डॉक्टरांना विचारू आधी."

"डाक्टर काऊन बंद म्हणन? त्याईचं दुकान हाय थे."

दुकानदाराला दुकानाचा दाखला दिला की त्याला तो पटतो. पण खरं कारण वेगळं होतं. तुला होणार म्हणजे गावासमोर, मारुतीच्या देवळात, मी तराजूत बसणार. अख्खं अल्लीपूर भेली मोजणार. हनुमान जयंतीच्या आत वजन उतरवायचं तर भूक थांबायला हवी, भूक थांबायला गोळी थांबायला हवी.

मायला मी जाड दिसलो म्हणून गोळ्या नको होत्या, मला बारीक व्हायचं होतं म्हणून. दोघांचं एकमत झालं. मंदा एकटी पडली. तिने पुन्हा एकदा "विचारू" म्हटलं, आणि आम्ही दोघं तिच्याकडे असं पाहिलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली.

परत तिथेच

पहिले काही दिवस मी राजा होतो. भूक ओसरली. बेल्टचं एक भोक आत गेलं. मी मंदाला ते भोक दाखवलं.

मग मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. चक्कर, घाम, विनाकारण रडू. मी म्हणालो, ऊन आहे. आमच्याकडे सगळ्याला ऊन हे कारण चालतं. मग झोप गेली. मग चहाची चव. ती गेली त्या सकाळी मला कळलं होतं, पण मी कप संपवला आणि "वा" म्हणालो.

एका दुपारी मंदा शाळेतून आली तेव्हा मी अंगणातल्या खुर्चीत बसलेलो होतो, उन्हात. दुकान उघडलंच नव्हतं. सकाळी निघायला म्हणून एक बूट घातला होता, दुसरा हातात होता. सावली केव्हाच सरकून गेली होती. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातला बूट घेतला, खाली बसून तो माझ्या पायात घातला, नाडी बांधली. "चला," एवढंच म्हणाली. "मी तुम्हाला म्हटलं होतं" असं ती तेव्हा म्हणाली नाही. आजवर म्हणाली नाही.

मी त्या वेळी पहिल्या वेळेपेक्षा जास्त घाबरलो होतो. पहिल्यांदा त्या अंधाराचं नाव माहीत नव्हतं. आता मी तो ओळखत होतो आणि तरी स्वतःच्या पायाने त्यात गेलो होतो.

माय अल्लीपूरहून थेट दवाखान्यात आली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "वजनाचं मला का नाही सांगितलं?"

मी कृतघ्नपणाचं ते सगळं सांगितलं.

"जीव वाचला म्हणून पोटाची तक्रार करायची नाही, असा काही नियम आहे का? तो गोळीचा त्रास आहे, तुमचा गुन्हा नाही. सांगितलं असतं तर आपण गोळी बदलून पाहिली असती. बदलायचीही एक रीत असते, एकदम बंद केली की असं होतं."

माय इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. ती म्हणाली, "डाक्टरीणबाई, थो भरला थे बरं झाल्यानं नाई?"

"थोडं, भूक परत आली म्हणून. बाकीचं गोळीमुळे."

"मंग म्या कायले पाहून त्याले बरा म्हणलं?" माय स्वतःशीच म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "मंग बरा हाय का नाई, हे कायच्यावरून पाहाव जी?"

"त्यालाच विचारायचं, आजी. आणि तो जे सांगेल ते ऐकायचं."

त्या वर्षीची तुला झाली नाही. गावात सांगितलं, कावीळ उलटली.

ज्यांना हे चालू आहे त्यांच्यासाठी

यात मी डॉक्टरकी करणार नाही, ती माझी लायकी नाही. मी माझं सांगतो. गोळी मनाने सोडू नका, कुणी कितीही माया करणारं सांगितलं तरी. आणि वजनाचं पहिल्याच फेरीत बोला, शर्ट खाली ओढू नका. माझी गोळी हळूहळू बदलली, एक कमी करत, दुसरी वाढवत. रक्तातली साखर तपासली. नव्या गोळीने पाहुणा पूर्ण गेला नाही, पण आता तो दारात बसतो, घरात शिरत नाही. सकाळी मी आणि मंदा चालायला जातो. ती पुढे, मी मागे, आणि भेटणारे म्हणतात, "काऊन भाऊ, उतरले! तब्येत बरोबर नाई काय?" माणसांना कोणत्याच बाजूने समाधान नाही.

आणि हे पण सांगायला हवं, की सगळं वजन उतरलं नाही. थोडं उतरलं, मग थांबलं. लग्नातल्या फोटोतला तो काडीसारखा माणूस परत येणार नाही, डॉक्टरांनी तसं खोटं आश्वासनही दिलं नाही. आरशासमोर अजून काही दिवस वाईट जातात. अशा दिवशी साडी पुतळाच नेसतो.

तुला

मायचा नवस मात्र तसाच होता. फिटला नाही म्हणून तिला झोप लागत नव्हती. "थोडं अजून उतरू दे," मी म्हणायचो. "देवाले तुह्या पोटाचं काय करायचं हाय?" ती म्हणायची. वर्ष गेलं, पुढला चैत्र आला. मी अट घातली, गर्दी नको, हनुमान जयंती नको, एखाद्या साध्या दुपारी उरकू. माय "बरं" म्हणाली. देवळात पोचलो तर अर्धा गाव बसलेला. तिने घरोघरी जाऊन सांगितलं होतं.

मंडपाच्या आडव्या लाकडी बल्लीला कापूस तोलायचा जुना मोठा काटा टांगला होता. एका पारड्यावर आसन, दुसऱ्याच्या बाजूला भेलींचा ढीग. मंदाने माझ्या कोपराला धरलं होतं.

"अबे नंद्या!" माझा चुलतकाका ओरडला, "एवढा काविळीनं झाला काय तू? मले बी करून दे मंग कावीळ!"

सगळा मंडप हसला. एरवी मी यावर तीन वाक्यं टाकली असती. मी पारड्यात पाय ठेवला. बल्ली करकरली, पारडं धपकन जमिनीला टेकलं, पुन्हा हशा. मी आसनावर बसलो, एक पाय लांब सोडून. पहिल्यांदा मला वाटलं, उठून पळावं. हे सगळे हसतायत ते माझ्या वजनाला, आणि हे वजन कशाचं आहे हे इथे तीन माणसांनाच माहीत आहे.

देवळाच्या पुजारी महाराजांनी मायच्या हातावर पाणी सोडलं, नावगाव म्हटलं आणि थांबले. "व्याधी सांगा, काकू. कोणत्या व्याधीसाठी बोलल्या होत्या?"

मायने हातावरच्या पाण्याकडे पाहिलं.

"कावीळ, महाराज, कावीळ!" बायांच्या बाजूने कुणीतरी मदत केली.

"नाई," माय म्हणाली.

तळहातावरचं पाणी बोटांतून गळत होतं. महाराज वाट पाहत होते. देवासमोर पाणी सोडून कावीळ म्हणावं, तर मारुतीने न झालेली कावीळ बरी केली असं होणार, आणि खरा नवस तसाच राहणार. मायचा हिशोब देवाशी होता, गावाशी नव्हता. मला तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं. मी "माय, राहू दे" म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कावीळ नव्हती," ती मोठ्याने म्हणाली. "मी खोटी बोलली होती. त्याचं मन बिमार झालतं. माह्या पोराले मरावं वाटत होतं. रोज वाटत होतं."

चुलतकाकाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी आसनावर बसलेलो, उठायची सोय नाही, तोंड लपवायला दुपट्टाही नाही. गावातली सगळी तोंडं माझ्याकडे. विचित्र म्हणजे, मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. लाजच वाटली, भरपूर. पण त्या लाजेने मी मेलो नाही, हेही तिथेच बसल्या बसल्या कळलं.

महाराज बिचारे घसा खाकरून पुढे म्हणू लागले, "तर या व्याधीतून पूर्ण मुक्त झाल्याबद्दल..."

"मुक्त नाई झाला," माय म्हणाली. "गोळ्या चालू हायेत. त्याच गोळ्याईनं असा भरला थो. अजून बी एखादा दिवस बसून राह्यते. पूर्ण बरा झाला असं म्हणू नका."

"मग काकू, तुला कशाची करायची?" महाराजांना खरोखर कळेना.

मायने मला विचारलं. सगळ्या गावासमोर, पाणी गळणाऱ्या हाताने, पहिल्यांदाच विचारलं. "कसं वाटते रे तुले आता? खरं सांगजो."

मी सवयीने तोंड उघडलं. "मस्त" जिभेवर आलं होतं.

"आज भीती वाटून राह्यली," मी म्हणालो. "पण मरावं वाटत नाई, माय. बरेच महिने झाले, नाई वाटलं."

"लिहा मंग थेच," ती महाराजांना म्हणाली, जणू ते काही लिहीत होते. "पोरगा जगून राह्यला. त्याची तुला."

महाराजांनी मंत्रात ते कसं बसवलं मला माहीत नाही, पण बसवलं. मग मंदाने पहिली भेली उचलून पलीकडच्या पारड्यात ठेवली. मग बाया उठल्या. कुणी मोजत नव्हतं, किंवा मोजत असतील तर मोठ्याने नाही. भेलीवर भेली चढत होती, गुळाचा वास मंडपभर झाला, मुंग्यांनी आधीच रांग धरली होती. ढीग संपत आला तरी माझं पारडं जमिनीवरच. चुलतकाका उठला, काही न बोलता बाहेर गेला, आणि घरून फडक्यात बांधलेली एक भेली घेऊन आला. ती मायच्या हातात दिली.

तिने ती दोन्ही हातांनी वर ठेवली. बल्ली करकरली. माझ्याखालची जमीन सुटली आणि मी डुलू लागलो. मी घाबरून साखळी घट्ट धरली.

"हालू नको," माय म्हणाली.

मी हाललो नाही.